सारंगराजा आणि संध्याकाळची वखवख

पाय घेतले का सगळ्यांनी पांघरुणात? मग ऐका.

एका उंच डोंगरावर एक राज्य होतं आणि त्या राज्याला होता एक राजा. नाव त्याचं सारंगधर, पण सगळे म्हणायचे सारंगराजा. राज्य केवढं? सकाळी फिरायला निघालं तर सगळं राज्य पालथं घालून दुपारच्या जेवणाला घरी येता यायचं, एवढंच.

त्या डोंगराचा दगड तांबडा आणि मऊ होता. दगडावर दगड आपटला तर भुगा व्हायचा, ठिणगी काही पडायची नाही. आणि काडेपेटी तेव्हा नव्हती, बरं का. मग राज्यात विस्तव आला कुठून? तर राजाच्या पणजीच्या पणजीने तो थेट सूर्याच्या अंगणातून आणला होता. मडक्यात राख, राखेत निखारा आणि मडकं डोक्यावर, अशी ती चालत आली. निघताना सूर्याने तिला बजावलं होतं, "बाई, एकदाच देतो. विझला तर पुन्हा मागायला येऊ नकोस."

म्हणून त्या राज्यात विस्तवाला फार जपत. घरं सगळी गवताने शाकारलेली, आणि रात्री डोंगरावर वारा असा सुटायचा की उडालेली एक ठिणगी आळीच्या आळी जाळील. मग काय करत? रात्रीचं जेवण झालं की घरोघरची माणसं आपापल्या चुलीवर पाणी ओतत. फक्त राजाच्या दगडी मुदपाकखान्यातली एक चूल जागी राहायची. जागी म्हणजे पेटती नाही हं. तिचे निखारे राखेखाली झाकून ठेवायचे. राखेखाली निखारा रात्रभर धुमसत राहतो, संपत नाही. सकाळी राख बाजूला केली की लाल ते लाल. मग घरोघरची माणसं गोवरीचा तुकडा घेऊन रांगेत उभी राहत आणि आपला आपला निखारा घेऊन जात.

आणि ती राख कोणी घालायची? राजाने. स्वतःच्या हाताने. त्या राज्यात राजाला मुकुट नव्हता. राजा झाला की त्याच्या हातात एक लोखंडी उलथनं देत आणि सांगत, आजपासून राख तुझ्या भरवशावर.

सारंगराजा हे काम मोठ्या अभिमानाने करायचा. पण त्या हिवाळ्यात काय झालं, केतकीराणीला मुलगी झाली. गोड होती, पण अगदी एवढीशी. हातपाय सारखे गार पडायचे. वैद्यबुवा म्हणाले, "राजेसाहेब, हिला औषध एकच. ऊब. सकाळची शेगडी चुकली तर माझ्या हातात काही राहणार नाही." रात्री त्या बंद खोलीत धूर नको म्हणून शेगडी ठेवत नसत. तापलेली वीट फडक्यात गुंडाळून बाळाच्या पायाशी ठेवत. पहाटेपर्यंत वीट गार व्हायची. मग शेगडी लागायचीच.

आता, एरवी जेवण झालं की राजाराणी गप्पा मारत बसायचे. पण राणी बाळंतिणीच्या खोलीत गेली आणि राजाची संध्याकाळ रिकामी झाली. राजाला वाटायचं, तिथे सगळा बायकांचा कारभार. आपण गेलो तर नुसती अडगळ. मग तो राख घालायचा आणि चुलीपाशी एकटाच बसून राहायचा.

एका संध्याकाळी तो असाच बसला होता. छान जेवला होता बरं का. भाकरी, पिठलं, भात, वर ताक. तेवढ्यात खिडकीत काहीतरी खसखसलं. बघतो तर अंगठ्याएवढा एक प्राणी. मुंगसाच्या पिल्लासारखी शेपूट आणि तोंड मात्र या कानापासून त्या कानापर्यंत!

"कोण गं तू?" राजाने विचारलं.

"मी वखवख. काहीतरी दे ना."

"काय देऊ?"

"काहीतरी. चटकमटक."

"अगं, आत्ताच तर जेवलो. पोट भरलंय माझं."

"तुझं भरलंय. माझं काय? एक पापड भाज. एका पापडाने काय होतंय?"

राजाला वाटलं, खरंच, एका पापडाने काय होतंय? त्याने उलथन्याने राख जराशी बाजूला केली, एक निखारा पुढे ओढला, पापड भाजला. अर्धा वखवखीला दिला, अर्धा आपण खाल्ला. कुरकुर, कुरकुर. मग राख पुन्हा सारखी केली आणि जाऊन झोपला. वखवख मांजराएवढी झाली ते काही त्याने पाहिलं नाही.

सकाळी राख काढली. रोज टोपलीभर निखारे निघायचे. त्या दिवशी निघाले अर्धी टोपली. राजाने ते जरा लहान लहान फोडून वाटले. कोणाच्या ध्यानात आलं नाही. म्हणजे राजाला तसं वाटलं.

मग दुसरी संध्याकाळ झाली. जेवण झालं, राख घातली. वखवख खिडकीत नव्हती, चांगली राजाच्या मांडीला टेकून बसली होती.

"काहीतरी दे ना."

"काल दिलं की."

"काल पापड होता. पापड म्हणजे हवा. शेंगा भाज."

राजाने मन घट्ट केलं. पण मन घट्ट करून नुसतं बसलं की काय होतं, शेंगाच डोळ्यांपुढे नाचायला लागतात. मग त्याने पुन्हा राख उकरली आणि निखाऱ्यांत मूठभर शेंगा टाकल्या. मग आणखी मूठभर. टरफलांचा हा ढीग! वखवख झाली वासराएवढी.

सकाळी राखेतून निघाले ओंजळभर निखारे. रांग तर वेशीपर्यंत. राजा देत गेला, देत गेला, आणि रांगेच्या शेवटाला उभ्या असलेल्या हौसाबाईच्या गोवरीवर पडला हरभऱ्याएवढा तुकडा.

हौसाबाई म्हणाली, "राजेसाहेब, हा निखारा आहे का निखाऱ्याचं पिल्लू? याच्यावर माझी चूल पेटायची, का मी फुंकता फुंकताच म्हातारी व्हायची?"

"आता आणि किती म्हातारी होणार तू?" रांगेतून कोणीतरी ओरडलं आणि सगळे हसले.

राजा हसला नाही. तो आत आला तर समोर येसूआत्या. ही राजाची आत्या, तिनेच त्याला लहानाचा मोठा केलेला. तोंडात दात एक नाही, पण जिभेला धार अशी की विचारू नका. सध्या बाळंतिणीची खोली तीच सांभाळत होती.

"सारंग, विस्तव कमी का झाला रे?"

"लाकूड ओलं असेल आत्या."

"असेल. आणि तुझ्या मिशीला शेंगेचं टरफल चिकटलंय, तेही ओल्या लाकडाचंच का?"

राजाचे कान लाल झाले. आत्या जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "अरे, तुला वाटतं तू एकच निखारा काढलास. पण राख एकदा मोडली की वारा आत शिरतो. मग खालचे सगळेच्या सगळे रात्रभर जळत बसतात आणि सकाळी त्यांची राख होते. वरून कितीही सारखी केलीस तरी मोडलेली राख ती मोडलेलीच. आणि आत तुझं एवढंसं लेकरू आहे."

"आज नाही मोडणार आत्या. वचन देतो."

आणि बरं का, त्याने मनापासून दिलं होतं वचन. तिसऱ्या संध्याकाळी त्याने मुदपाकखान्याच्या खिडक्या लावून घेतल्या. दाराला अडसर घातला. अडसर घालून वळतो तर वखवख आतच! चुलीशेजारी ऐसपैस बसलेली. ती बाहेरून येतच नव्हती, तर अडसराने काय अडणार?

"दिवसभर किती काम केलंस," ती म्हणाली. "दमलास. तुझा हक्कच आहे. कोवळी कणसं आली आहेत आज शेतावरून. हुरडा भाज. थोडासाच. उद्यापासून बंद."

तुम्हाला माहीत आहे ना हुरडा? ज्वारीची हिरवी कणसं विस्तवात भाजायची, हातावर चोळायची आणि ते गरम गरम हिरवे दाणे तोंडात टाकायचे. राजाच्या तोंडाला पाणी सुटलं. उद्यापासून बंदच करायचंय, मग आज काय हरकत आहे? त्याने राख उलथीपालथी केली. एक कणीस झालं, दुसरं झालं. पाचव्या कणसाला तर चवही लागत नव्हती, तरी हात थांबेना. वखवख फुगत फुगत म्हशीएवढी झाली.

सकाळी राख काढली, तर आत काळं. आणखी काढली, तरी काळं. तो राख उपसत राहिला. अगदी तळाशी, कोपऱ्यात, बोराएवढा एक निखारा. लाल होता की नव्हता, तेही कळेना.

आतून येसूआत्याची हाक आली, "सारंग, शेगडी आण! पोरीची नखं निळी पडली आहेत!"

आता काय करायचं? बाहेर रांग उभी. राजाने तो निखारा राखेसकट ओंजळीत घेतला. हात पोळत होते, तरी घेतला. बाहेर आला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "लोकहो, विस्तव मी खाल्ला. जेवण झाल्यावर मला भूक नव्हती, तरी वखवखीच्या नादाने मी रोज राख मोडली. आता हा एवढाच उरला आहे. माझ्या एकट्याच्याने तो पेटणार नाही. मदत करा."

सगळे जवळ सरकले. 

मग हौसाबाई पुढे झाली. तिने छपराचं वाळकं गवत उपसलं, चुरून अगदी कापसासारखं केलं आणि निखाऱ्याभोवती धरलं. "जोरात फुंकू नका रे. निजलेल्या बाळाच्या डोळ्यांवर फुंकर घालावी तशी." एक दमली की दुसरा, दुसरा दमला की तिसरी. धूर आला. आणखी धूर आला. आणि मग एक पिवळी जीभ वर आली!

पहिली शेगडी बाळाच्या खोलीत गेली. नखं पुन्हा गुलाबी झाली. मग घरोघरच्या चुली पेटल्या. त्या दिवशी सगळ्या राज्याची न्याहारी दुपारी झाली, पण झाली.

जाता जाता हौसाबाई राजाच्या कानाला लागली. "एवढं तोंड पाडू नका. ती वखवख आमच्याकडेही येते. आमच्याकडे गूळ मागते."

"आमच्याकडे चिवडा," मागून एकजण पुटपुटला.

"आमच्याकडे तर जे डब्यात नाही नेमकं तेच!" तिसरा म्हणाला.

राजाला केवढा धीर आला! पण संध्याकाळ तर होणारच होती. वखवख आता म्हशीएवढी. आज राख मोडली असती तर बोराएवढा निखाराही उरला नसता. मग राजा येसूआत्याकडे गेला.

"आत्या, तिला हाकलू कशी?"

"हाकलू नकोस. हाकललं की ती धावत परत येते. आणि मागेल ते खायलाही घालू नकोस. आधी तिला एवढंच विचार, भाकरी चालेल का? चालेल म्हणाली तर ती भूक. तिला पाटावर बसव आणि पोटभर वाढ. भुकेला कधी नाही म्हणू नये. पण भाकरीला नाक मुरडलं, तर ती वखवख. मग तिला नुसतं बसू दे."

"किती वेळ बसेल?"

"तुला वाटेल ना, आता राहवतच नाही, त्याच्या जरासं पुढे."

संध्याकाळ झाली. राजा जेवला, सावकाश, एकेक घास चावून. चूळ भरली. निखाऱ्यांवर राख घातली, चांगली जाड, आणि चुलीकडे पाठ करून पाटावर बसला. समोर एका ताटात भाकरी आणि वाटीत दूध.

वखवख आली. निम्मा मुदपाकखाना तिनेच अडवला. तेवढ्यात राजाचे सरदारसाहेब हातात भाला घेऊन धावत आत शिरले. त्यांनी सकाळी सगळं ऐकलं होतं. "राजे, बाजूला व्हा!" म्हणत त्यांनी भाला फेकला. भाला धुक्यातून जावा तसा वखवखीतून आरपार गेला आणि भिंतीत रुतला. वखवख अशी खिदळली की भांडी वाजली.

"भाला उद्या घेऊन जातो," सरदारसाहेब म्हणाले आणि आले तसे गेले.

मग राजा म्हणाला, "ये. भूक लागली असेल तर ही भाकरी आहे. पोटभर खा."

वखवखीने भाकरी हुंगली आणि तोंड फिरवलं. "भाकरी नको. काहीतरी दे."

"मग तुला भूक नाही. बस."

आधी ती रडली. "मी मरेन रे. सकाळपर्यंत टिकणार नाही मी." असे हुंदके दिले की राजाचा हात उलथन्याकडे गेला. पण त्याने नीट पाहिलं, आणि त्याला दिसलं, की तिला पोटच नाही! तोंड होतं, शेपूट होती, मध्ये नुसती हवा. इतके दिवस घातलेलं राहणार कुठे? राजा म्हणाला, "भाकरी आहे. खायची तर खा." वखवख म्हशीएवढीची वासराएवढी झाली.

मग ती रागावली. दात विचकले, पाय आपटले. "मी आत्ता राख उडवते बघ! मीच मोडते!" राजाला घाम फुटला. पण तिच्या पंजाला उलथनं काही उचलवेना. उलथनं उचलणारा हात राजाचाच होता ना! राजाने दोन्ही हात मांडीखाली घेतले. "भाकरी आहे." वासराचं मांजर झालं.

मग ती मांजरासारखी त्याच्या पायाशी घुटमळली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "सारंग, अरे, तुझ्याशी बोलायला दुसरं आहे तरी कोण? मीच एक येते रोज. मला एक शेंग दे आणि आपण दोघं बसू."

हे मात्र राजाच्या मनाला लागलं. कारण ते खरं होतं.  आता राहवत नाही, असं झालं त्याला. आणि मग तो उठला.

उठून कुठे गेला? चुलीकडे? नाही! तो सरळ चालत बाळंतिणीच्या खोलीपाशी गेला आणि उंबऱ्यापाशी अडला.

"आत ये की," येसूआत्या म्हणाली. "दार काय तुझ्यासाठी बंद होतं? तूच रोज पडवीतून परत फिरतोस."

"मला वाटलं, माझी अडगळ होईल."

केतकीराणी उशीला टेकून बसली होती. म्हणाली, "आज वाट चुकलात वाटतं? मला वाटलं, माझ्यापेक्षा चूलच आवडायला लागली तुम्हाला."

"चुकलो होतो खरा," राजा म्हणाला. "आता सापडली."

"मग घ्या हिला. आणि मिशा जरा लांब ठेवा, टोचतात."

राजाने लेक मांडीवर घेतली. तिची एवढीशी गार पावलं आपल्या दोन्ही तळव्यांत धरली. मग त्याने राणीला सगळं सांगितलं, पापडापासून भाल्यापर्यंत. भाल्याचं ऐकून राणी इतकी हसली की आत्याने दटावलं, "हळू, पोर उठेल." मग राणीने त्याला पोरीच्या गमती सांगितल्या, ती जांभई कशी देते, रडताना हनुवटी कशी थरथरवते. बोलता बोलता राजाच्या ध्यानातच राहिलं नाही की त्याला काही खायचं होतं. मागोमाग आलेली वखवख उंबऱ्यावर बसली होती. अंगठ्याएवढी. तिने एक मोठी जांभई दिली, शेपटीत नाक खुपसलं आणि झोपून गेली.

सकाळी राजा राख काढायला बसला. बाहेर सगळं राज्य श्वास रोखून उभं. त्याने उलथनं घातलं, राख बाजूला केली, आणि आत लाल! टोपलीभर लाल! एकेका गोवरीवर लिंबाएवढा निखारा पडला. हौसाबाईने तर दोन मागून घेतले. बाळाची शेगडी वेळेवर गेली, आणि त्या दिवशी पोर पहिल्यांदा हात बाहेर काढून खेळली.

त्यानंतर वखवख आली नाही का? आली ना. रोज यायची. वखवख अशी कायमची जात नाही. पण राजा तिला विचारायचा, "भाकरी?" ती नाक मुरडायची. मग तो म्हणायचा, "बस मग," आणि चूळ भरून लेकीकडे जायचा. एखाद्या दिवशी दिवसभर उन्हात हिंडून आला असेल, तर भाकरी बघूनच त्याला हसू फुटायचं. त्या दिवशी तो दूधभाकरी कुस्करून खायचा, खुशाल, सगळ्यांच्या देखत. खरी भूक असेल तर उपाशी झोपायचं नाही हं कोणी.

हळूहळू सगळ्या राज्यात तशी रीतच पडली. जेवणं झाली, चुली विझवल्या, की माणसं एकमेकांच्या ओट्यावर जाऊन बसायची. कोणी गाणं म्हणायचं, कोणी गोष्ट सांगायचं, कोणी नुसतंच कोणाशेजारी बसायचं. अंगठ्याएवढ्या वखवखी उंबऱ्याउंबऱ्यावर पेंगत राहायच्या. राजाची लेक ऊब खाऊन चांगली टणक झाली. मोठी झाल्यावर उलथनं तिच्याच हातात आलं, आणि तिने ते बापापेक्षाही घट्ट धरलं.

असं ते राज्य सुखात राहिलं. विस्तव निजला राखेखाली, माणसं निजली गोधडीखाली. चला, तुम्हीही डोळे मिटा आता.